दहाव्याच्या आत

पोरीची आई गेली त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता तिचा मोबाईल वाजला. फ्रिजवर पडलेला होता. आम्ही नुकतेच स्मशानातून आलो होतो, अंघोळी झाल्या होत्या, डोक्याचं पाणी अजून मानेवर गळत होतं. घर माणसांनी भरलेलं आणि सगळी गप. त्यात तो फोन कोंबड्यासारखा आरवायला लागला. तशी रिंग तिनंच जावयाकडून लावून घेतली होती. "मला ती टिंगटिंग ऐकू येत नाय," म्हणायची.

मेलेल्या बाईचा फोन कोण उचलणार? जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत होता. पण तो कुणाचा फोन नव्हताच, गजर होता. पोरीच्या इंजेक्शनचा.

मला ही एकच पोरगी. तिच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि पोटी काही नव्हतं. सगळे उपाय करून झाल्यावर नवरा-बायकोनं जालना रोडच्या एका दवाखान्यात टेस्ट ट्यूबचं धरलं. त्याचं मला समजलं ते असं. आधी बाईनं रोज ठरल्या टायमाला पोटात इंजेक्शन घ्यायचं, म्हणजे एकाच्या जागी पुष्कळ बीजं एकदम तयार होतात. ती काढून घ्यायची, बाहेर काचेत नवऱ्याच्या बीजाशी त्यांचा मेळ घालायचा, आणि गर्भ धरला की तो परत बाईच्या पिशवीत ठेवायचा. जावई वाळूजला कंपनीत, त्याच्या पाळ्या बदलत्या. म्हणून पोरगी तेवढ्या दिवसांपुरती आमच्याकडं हर्सूलला आली होती, आणि सुई द्यायचं काम तिच्या आईनं घेतलं होतं.

ती शाळेत गेली नव्हती. मी तरी चौथीपर्यंत गेलो. पण आमची दोघांची घरं मेंढरं राखणारी, आणि मेंढराला सुई देण्यात तिचा हात माझ्यापेक्षा हलका. नर्सनं पहिल्या दिवशी दाखवलं, पोटाची कातडी अशी चिमटीत धरायची, सुई अशी घालायची. ही म्हणाली, "एवढंच व्हय? हितं तर लोकर बी आडवी येत नाय." नर्स हसायला लागली. पोरगी लाजून लाल झाली.

सहा दिवस तिनं सुया दिल्या. सातव्या दिवशी सकाळी ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मी आत दाढी करत होतो. बाहेर आलो तर मान खाली घातलेली. मला वाटलं, डुलकी लागली. जुडी मांडीवर तशीच होती, निम्मी निवडलेली. डॉक्टर हार्ट म्हणाला. मी म्हणालो, हिला हार्टचं काही नव्हतं, गुडघ्याचं होतं. तो म्हणाला, बाबा, असं होतं. असं होतं म्हणजे काय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तर गजर वाजला. पोरगी भिंतीला टेकून बसली होती, ती माझ्याकडं बघायला लागली. तिची मावशी, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. ती म्हणाली, "आजच्या दिवस राहू दे गं बाई. आई गेलीया तुझी."

"मावशी, एक जरी चुकलं तरी सगळं वाया जातं."

"मंग तुझ्या नवऱ्याला सांग."

जावई मागं उभा होता. माणूस चांगला, कंपनीत मोठमोठी यंत्रं चालवतो, पण सुई बघितली की घाम फुटतो. एकदा पोरीच्या आईनं त्याला नुसतं झाकण धरायला लावलं होतं, तर तो खाली बसला. पोरीनं स्वतः सुई हातात घेतली, पण टोचता येईना, थेंब ओढणीवर पडायला लागले. मी उठलो.

"दाजी!" अक्का ओरडली. "अग्नी दिलेला हात हाय तो. दहा दिवस कुणाला शिवायचं नाय तुम्ही. त्यो हात पोरीच्या पोटाला लावता?"

"मग तू दे," मी म्हणालो.

अक्कानं हात पदराखाली घेतले. तिनंही मेंढरं राखलीत, पण माणसाला सुई द्यायची म्हणजे छाती लागते.

आतल्या खोलीत पोरीनं ओढणी तोंडावर घेतली. ती तान्ही होती तेव्हापासून तिचं पोट मी पाहिलं नव्हतं. मी नजर भिंतीकडं वळवली, पण भिंतीकडं बघून सुई देता येत नाही. बघावं लागलं. कातडीवर आधीच्या सुयांचे निळे डाग होते, ओळीनं, दर दोन डागांत दोन बोटांचं अंतर. तिच्या आईनं माप घेऊन दिल्यासारखे. मी त्यांच्या पुढची जागा धरली.

---

मला मुलगा नाही, म्हणून क्रियेला मीच बसलो. क्रियेला बसलेल्या माणसानं कोपऱ्यात घोंगडीवर बसायचं, कुणाला शिवायचं नाही, कुठं जायचं नाही. सातला पोरीला सुई द्यायला मी उठायचोच, पण एरवीही मला ते जमेना. बसलो की उठायचो, फाटकापर्यंत जायचो, फाटकाची कडी वाजवून बघायचो, परत यायचो. भावकीतला कुणीतरी हाताला न शिवता, लांबूनच, "बसा, बसा" करायचा. शेळी हाकल्यासारखं. परत बसायचो. पायात मुंग्या यायच्या. ती गेली तो ओटा कोपऱ्यातून दिसत होता, मेथी कुणीतरी उचलून नेली होती, आणि कुणी नेली हे मी दोन वेळा विचारलं.

आमच्यात माणूस गेलं की त्या जागेवर पीठ पसरतात, त्यावर दिवा ठेवतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली काढून बघायचं. पिठात जे ठसे उमटलेले दिसतील, त्या जन्माला तो जीव गेला. अक्कानं टोपली काढली आणि वाकून बघितलं, मग गुडघ्यावर बसून बघितलं.

"पाऊल हाय," ती म्हणाली. "बारकं. माणसाचं."

शेजारीण म्हणाली, "मला तर पाखराचं दिसतंय."

"पाखराला पाच बोटं असत्यात का?"

मला आधी नुसती मुंगीची वाट दिसली होती. पण अक्कानं बोट ठेवून दाखवलं, ही टाच, हा अंगठा. मग मलाही टाच दिसायला लागली. एकदा दिसली ती दिसलीच. पीठ गोळा करून पाण्यात सोडलं तरी ती टाच माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

आणि अक्का माझ्याजवळ येऊन, शिवणार नाही इतक्या अंतरावर बसून, हळू म्हणाली, "दाजी, दहाव्यापर्यंत जीव घराभोवतीच फिरत असतो. जागा हुडकत असतो. हिकडं पोरीच्या पोटात जीव ठेवायचाच हाय. समदं जुळून आलंय. दहाव्याच्या आत ठेवा. ती माघारी येईल."

मी चौथी शिकलेला असलो तरी तीस वर्षं कंपनीत काम केलं, असल्या गोष्टींवर मी हसणारा माणूस. पण मला हसू आलं नाही. मी लगेच बोटांवर दिवस मोजायला लागलो.

कुणी सुतकाचं काढलं, तर त्याला उत्तर अक्काकडं तयार होतं. लग्न झालेल्या लेकीला आईबापाचं सुतक तीनच दिवस. चौथ्या दिवसापासून पोरगी मोकळी. पाचव्या दिवशी तिची बीजं काढायची होती. मी सुतकातला, तरी दवाखान्यात गेलो आणि बाकड्याच्या टोकाला बसलो.

बीजं काढून झाल्यावर डॉक्टर मॅडमनी जावयाला आणि मला आत बोलावलं.

"बाबा, बीजं खूप निघाली. गर्भही चांगले होतील. पण औषधाचा जोर अंगात जास्त झालाय. पोटात पाणी धरायची भीती आहे. अशात गर्भ ठेवला आणि तो राहिला, तर त्रास आणखी वाढतो. माझं मत विचाराल तर गर्भ गोठवून ठेवू. अंग निवलं की दोनेक महिन्यांनी ठेवू."

"आणि ताजाच ठेवायचा म्हटला तर?"

"पाचव्या दिवशी दुपारी. पण सकाळी तपासून, पोट ठीक असेल तरच."

पाचवा दिवस म्हणजे दहावा. माझ्या बोटांनी ते आधीच सांगितलं होतं. मी म्हणालो, "त्या दिवशी पोरीच्या आईचा दहावा आहे."

मॅडम म्हणाल्या, "मग तर थांबलेलंच बरं, नाही का?"

बाहेर येऊन जावयाला म्हणालो, "घरी बोलू."

---

घरी गोठवायचं नाव निघालं मात्र, अक्कानं कपाळावर हात मारला.

"बर्फात? मुडद्याला ठेवत्यात तसं? त्यात जीव ऱ्हाईल व्हय? आन् ऱ्हायला तरी, बर्फातला मासा आन् तळ्यातला मासा एक लागतो का?"

"अक्का, मासा नाय तो," जावई म्हणाला.

"चव कळती मला."

खरं तर गोठवलेलं मरत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. गाय फळवायला जनावरांचा डॉक्टर येतो, तो टाकीतून गोठवलेल्या बीजाची कांडी काढतो. टाकीचं झाकण उघडलं की थंड वाफ जमिनीवर उतरते. त्या कांडीतून झालेली कालवड मी स्वतः वाढवलीय, वासरं दिली तिनं. हे मी बोलून गेलो. बोलायला नको होतं.

"बघा!" जावई उभाच राहिला. "मामाच सांगत्यात. गोठवलेलं चांगलं."

"म्हंजी मी गाय व्हय आबा?" पोरगी म्हणाली आणि हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता तिनं कुशीवर हात दाबला. ते मी पाहिलं.

आणखीही पुष्कळ पाहिलं होतं. ती भिंत धरून चालत होती. पंजाबीची नाडी सैल बांधत होती. अर्धी भाकरी ताटात ठेवून उठत होती. मेंढीचं पोट फुगलेलं असलं तर तिच्याजवळ मेंढा जाऊ द्यायचा नाही, हे आमच्यातल्या लहान पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. पण मला टाच दिसत होती.

दुपारी पोरगी घोंगडीसमोर येऊन बसली. "आबा, खरं सांगा. तुम्हाला काय वाटतंय?"

"ताजं. दहाव्याला."

"आईसाठी?"

"व्हय."

तिनं खालच्या फरशीवर बोटानं रेघ ओढली. "मला बी वाटतं, आई यावी. तुम्ही म्हणाल तसं करू."

जावयानं ते दारातून ऐकलं. तो कधी वर मान करून माझ्याशी बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला. "मामा, मला माझी बायको पायजे. लेकराचं मागनं बघू."

"माझी गेली म्हणून तुम्हाला भ्या वाटतंय का, पाव्हणं?"

मी टोचायला बोललो होतो. तो म्हणाला, "व्हय. वाटतंय." आणि बाहेर जाऊन गाडी पुसत बसला. स्वच्छ गाडी, तरी पुसत होता.

मी पुन्हा फाटकापर्यंत गेलो.

---

या पोरीसाठी आम्हीसुद्धा थांबलो होतो. अकरा वर्षं. तेव्हा असले दवाखाने आमच्या गावीही नव्हते. बापानं मेंढरं विकली, मी चितेगावला नव्या निघालेल्या कंपनीत लागलो. त्या काळात पैठण रोडला, चिकलठाण्याला, वाळूजला, जिकडं बघावं तिकडं पत्र्याची छपरं उभी राहत होती. गावोगावची पोरं सायकलीवर डबा अडकवून कामाला निघायची. आणि त्याच काळात विद्यापीठाच्या नावाचं चाललेलं. कधी मोर्चा, कधी बंद. मी कुठल्या बाजूचा होतो विचाराल, तर मी हजेरीच्या बाजूचा होतो, बस बंद पडली की माझा खाडा व्हायचा. त्यात माणसं गेली, घरं जळाली. ज्यांच्यासाठी ते नाव होतं त्यांना ते भाकरीपेक्षा मोठं होतं, हे मला लई उशिरा कळलं. तेव्हा कंपनीत डबा खाताना सगळे त्यावरच भांडायचे, आणि मी घरी येऊन तेच भांडण हिला सांगायचो.

हिला दुसरीच भांडणं होती. माझी आई म्हणायची, दुसरी करा. बायका ओटी भरायला हिला बोलवायच्या नाहीत. देव झाले, अंगारे झाले. एकदा मी चिडून म्हणालो, आणखी किती वाट बघायची? तर म्हणाली, "ज्येला यायचं त्यो येईल. म्या काय पिठाच्या गिरणीत नंबर लावलाय व्हय, की पुढच्याला ढकलू?"

एका संध्याकाळी मी नावाचं असंच काहीतरी तावातावानं सांगत होतो. ती चुलीपुढं होती. "आधी आपलं पोर तर होऊ द्या," म्हणाली, "मग नावाचं बघू."

ज्या थंडीत विद्यापीठाच्या नावाचं एकदाचं ठरलं, त्या थंडीत आमची पोरगी झाली. शहरात कुठं फटाके, कुठं चिडीचूप. सरकारी दवाखान्यात मला दुधाची गाडी करून जावं लागलं. पोरगी पाहून ही म्हणाली, "आली बया." दमलेली होती. एवढंच बोलली आणि झोपली.

घोंगडीवर बसून मला हे सगळं आठवायचं, आणि आठवलं की वाटायचं, ही परत येणार. दहाव्याला दुपारी. मग पोरगी भिंत धरून जाताना दिसायची आणि मी दुसरीकडं बघायचो.

---

दहाव्याला पहाटेच आम्ही जीपमधून पैठणला निघालो. निघताना जावयाला बजावलं, "दवाखान्यात घेऊन जा, तपासून घ्या. पण मला विचारल्याबगर काही ठरवायचं नाय." तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. वाटेत चितेगावची आमची कंपनी लागली. गेटवर नवीनच पोरं उभी होती. मान वळवून मी शेवटपर्यंत बघत राहिलो.

घाटावर न्हाव्यानं डोकं केलं, मिशी काढली. गोदावरीचं पाणी लई थंड. पिंड झाले. आता कावळा शिवायचा. ज्या माणसाचं काही राहून गेलेलं असतं, त्याच्या पिंडाला कावळा शिवत नाही. मग घरच्यांनी वचन द्यायचं, की तुझं राहिलेलं आम्ही करू. मी माझं वचन आधीच जुळवून ठेवलं होतं. मनात म्हणणार होतो, तुझं नातवंड बघायचं राहिलं ना, दुपारी ठेवतोय, तू ये.

आमच्या शेजारी दुसऱ्या घरातले लोक आमच्या आधीपासून ताटकळले होते. त्यांचा म्हातारा गेलेला. थोरला मुलगा हात जोडून म्हणत होता, "तात्या, आम्ही भाऊ भाऊ भांडणार नाय." कावळा पिंपळावरून हलेना. "तात्या, धाकल्याचं लगीन लावून देतो." हलेना. मागून एक म्हातारी कडाडली, "अरं, तंबाखू ठिवा की त्येच्या म्होरं! लगीन कसलं घिऊन बसला!" तंबाखूची पुडी ठेवली. तरी नाही. ते सगळे पुन्हा सुरुवातीपासून वचनं द्यायला लागले.

मी आमचा पिंड ठेवला आणि मागं सरकलो. हात जोडायला वर आणले. ते जुळलेही नव्हते. एक कावळा आला, पिंडाला चोच मारली, घास उचलला आणि गेला. मागोमाग आणखी दोन.

"सुटली बाई!" मागून कुणीतरी म्हणालं. "लई भाग्याची. कशातच जीव नव्हता अडकलेला." शेजारचे लोक आमच्याकडं हेव्यानं बघत होते. सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. अक्कानं पदर डोळ्यांना लावला.

मला मात्र राग आला. खरा राग. मी ओल्या धोतरात तसाच पायरीवर बसलो. अगं, काहीच राहिलं नव्हतं तुझं? मी अजून बोललोही नव्हतो. एवढं तरी थांबायचं. शेजारचा म्हातारा बघ, तंबाखू दिली तरी जायला तयार नाही. आणि तू, चाळीस वर्षांचा संसार, आणि वळूनसुद्धा बघितलं नाहीस.

मग मला तिचं एक बोलणं आठवलं. गुडघे दुखायला लागल्यावर मी एकदा तेल चोळून देत होतो, लाडात येऊन म्हणालो, पुढच्या जन्मी पण तूच पाहिजे. ती म्हणाली, "मला माणसाचा जल्मच नको अवो. मेंढी झाले तरी चालंल. लोकर कातरून घेईन, पण तुमचा डबा करणार नाय." तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो. मी थट्टा समजलो होतो. आता घाटावर बसून वाटलं, थट्टा नव्हती. ती दमली होती. तिनं अकरा वर्षं बायकांची बोलणी खाल्ली, तीस वर्षं पाळीचा डबा केला. तिला परत यायचंच नव्हतं. तिला बोलवत होतो तो मी.

सोबत आलेल्या भाच्याकडं सांभाळायला दिलेला माझा फोन घेतला आणि पोरीला लावला.

"कुठं हायेस?"

"दवाखान्यात. बाहीर बाकड्यावर. आत बोलवायचेत अजून. कावळा शिवला का आबा?"

"शिवला. पोट कसंय?"

"बरंय."

"खरं सांग."

मागं कुणाची तरी नावं पुकारत होते.

"श्वास लागतोय आबा. कालपासनं. पाठीवर झोपता येत नाय."

"मग बोलली का नाय?"

"तुम्हाला आई पायजे होती ना."

नदीत कुणीतरी बुडी मारली. मी पाण्याकडं बघत राहिलो.

"ती गेली," मी म्हणालो. "आत्ता. माझ्यासमोर. घटकाभर बी थांबली नाय. मॅडमला सांग, गोठवा म्हणावं. समदेच गोठवा. आन् तुला आधी बघा म्हणावं."

पोरगी फोनवरच रडायला लागली. मग जावयानं फोन घेतला. तो नुसता "मामा" म्हणाला. मी "व्हय" म्हणालो.

---

पोरीला त्याच दिवशी भरती केलं. पोटातलं पाणी काढावं लागलं, सलाईन लागलं. जावयानं रजा टाकली आणि तिच्या उशाशी बसून राहिला, सुया बघत, घाम पुसत. मॅडम मला म्हणाल्या, "बाबा, आज ठेवला असता आणि राहिला असता, तर अवघड होतं." मी मान हलवली. त्या पुढं म्हणाल्या, चार गर्भ चांगले गोठवलेत.

अक्का दोन महिने बोलली नाही. मग बोलली ती अशी, "शिळ्यापाक्याचं काय झालं?"

मी काही शांत बसलो नाही. एकदा सहज गेल्यासारखा दवाखान्यात गेलो आणि म्हणालो, मला टाकी बघायचीय. तिथला माणूस म्हणाला, दाखवत नाहीत. मी विचारलं, लाईट गेली तर? तो म्हणाला, लाईटवर नसते बाबा, नायट्रोजनवर असते. ते मला ठाऊक होतं. म्हणून मी विचारलं, टायमावर भरता का? जनावरांचा डॉक्टर एकदा भरायचं विसरला होता, सगळ्या कांड्या गेल्या. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी निघालो. पण दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा प्यायला परत गेलो. नायट्रोजनची गाडी येते का बघायला.

उन्हाळ्यात पोरीचं अंग सगळं निवल्यावर एक गर्भ ठेवला. आता पुन्हा रोज पोटात सुई आहे, औषध वेगळं. पोरगी पुन्हा हर्सूललाच आहे, आणि सुई मीच देतो. फ्रिजवरचा फोन सातला आरवतो. जावई म्हणाला, तुमच्या फोनमध्ये लावून देऊ का? मी नको म्हणालो. तिचाच फोन मी चार्जिंगला तेवढा लावतो.

अजून रक्त तपासायचंय. राहिलाय का नाही, कुणाला माहीत नाही. मला दिवसभर करमत नाही. शहराचं नाव बदललं, दुकानांच्या पाट्या अजून निम्म्या जुन्या, निम्म्या नव्या. त्या वाचत मी हर्सूल तळ्यापर्यंत जातो. तिथं अजून कुणाकुणाची मेंढरं चरायला असतात. एखादी तोंड वर करून बघत राहिली तर मीही बघतो. मग माझंच मला कसंतरी वाटतं आणि मी घराकडं वळतो.

काल सुई देऊन झाल्यावर पोरगी कापूस दाबून पडून होती. म्हणाली, "आबा, पोरगी झाली तर आईचं नाव ठेवायचं?"

मी सुई डब्यात टाकली. झाकण नीट बसत नव्हतं, ते दोन-तीनदा दाबलं.

"आधी होऊ तर दे," मी म्हणालो. "मग नावाचं बघू."

पोरगी माझ्याकडं बघत राहिली. मी उठलो आणि फाटकाची कडी लागलीय का ते बघायला बाहेर गेलो.